उत्तेजनार्थ

मराठी भाषेतला सर्वांत निरुत्साही शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी 'उत्तेजनार्थ' असं सांगेन. हा शब्द ऐकून उत्तेजित झालेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. बक्षीस समारंभाची सुरुवात उत्तेजनार्थपासून होते आणि त्या वेळी माईक चालू झालेला नसतो. तो चालू होतो तेव्हा तिसरा क्रमांक जाहीर होत असतो. उत्तेजनार्थवाला बिचारा, नाव आपलं पुकारलं की शेजारच्याचं, या विचारात अर्धवट उठलेला असतो आणि फोटोतही तसाच येतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या भाच्याची आजी. म्हणजे भाच्याने तयार केलेला 'आजी' नावाचा रोबो. खऱ्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचाही या प्रकरणात हात आहे, पण ते ओघाने येईलच.

भाचेराव इंजिनिअरिंगला आहेत. अस्मादिक बी.कॉम. असून गेली बावीस वर्षं बँकेत कारकून आहेत. त्यामुळे यंत्रांशी माझा संबंध पासबुक छापणाऱ्या यंत्रापुरता, आणि तोही ते बंद पडल्यावर. एका रविवारी भाचा येऊन म्हणाला, "मामा, आमच्या कॉलेजात रोबोंच्या मारामाऱ्या आहेत. येतोस?" मारामारी आणि तीही फुकट बघायला मिळणार म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?

माझी कल्पना अशी होती, की यंत्रमानव दोन पायांवर उभे राहून एकमेकांच्या कानशिलात वगैरे देत असतील. प्रत्यक्षात त्यांच्यात मानव औषधालाही नव्हता. चाकांवर पळणाऱ्या पेट्या होत्या. पारदर्शक भिंतींचा एक पिंजरा, आत दोन पेट्या आणि बाहेर हातात रिमोट घेतलेली, रात्रभर न झोपलेली चार-चार पोरं. तीन मिनिटांत समोरच्याची पेटी हलेनाशी करायची, नाहीतर निकाल परीक्षकांकडे. कुस्तीसारखे यात वजनाचे गट असतात. भाच्याचा गट ८ किलोंचा होता. विलायतेत पार १५० ग्रॅमचाही गट आहे. त्याला 'मुंगी वजन' म्हणतात आणि सगळं यंत्र चार इंची चौकोनी डब्यात मावावं लागतं. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या 'बॅटलबॉट्स'मधली २५० पौंडांची, म्हणजे जवळजवळ ११३ किलोंची धुडं. म्हणजे साधारण आमचे शाखाधिकारी.

आता भाच्याच्या 'आजी'चं वर्णन करतो. खाली पोळपाट, वर लाटणं. पोळपाटाच्या पोटात मोटारी आणि बॅटरी. लाटणं मागून पुढे असं धाडकन यायचं, की समोरच्याच्या टाळक्यातच बसावं. अंगाला जुन्या नऊवारीचा काठ गुंडाळलेला. लाटणं माझ्या आईचं, तिच्या लग्नातलं. 'दोन दिवसांत परत आणून देतो' या तोंडी बोलीवर, कसलंही तारण न घेता तिनं ते दिलं होतं. असं कर्ज बँका एरवी फार मोठ्या माणसांनाच देतात.

'आजी' पिंजऱ्यात शिरली आणि इतका वेळ मोबाईलमध्ये माना घालून बसलेलं सभागृह उभं राहिलं. "आजी! आजी!" असा जो घोष सुरू झाला, तो मी यापूर्वी फक्त दहीहंडीला ऐकला होता. समोर एक पोलादी ढोल होता. त्याला दात होते आणि तो गर्रर्र फिरत होता. 'आजी'नं पदर सावरल्यासारखी एक गिरकी घेतली आणि ढोलाच्या मागून जाऊन त्याच्या डोक्यात एकच टोला हाणला. टक्! शिट्ट्या, आरोळ्या. माझ्या शेजारचे एक प्राध्यापकही ओरडले आणि मग घसा खाकरल्याचं नाटक करू लागले.

मग ढोल वळला. पुढचं थोडक्यात सांगतो. लाटण्याचे दोन तुकडे झाले, पोळपाटाचे तीन झाले आणि नऊवारीचा काठ ढोलात अडकून गोल गोल फिरू लागला. एकूण वेळ ४१ सेकंद.

त्यानंतर मी संध्याकाळपर्यंत बसून होतो. १४ रोबोंपैकी ११ रोबो म्हणजे ढोल नाहीतर पाती होती. अंतिम सामना दोन ढोलांचा झाला. कुठला कुणाचा हे लोकांना कळेना, आणि निवेदकानंही एकदा हरणाऱ्याला शाबासकी दिली. तीन बक्षिसं तीन ढोलांना मिळाली. मी एका परीक्षकांना गाठून विचारलं, "त्या 'आजी'ला काहीच नाही का हो? सगळे जण फक्त तिच्यासाठी उभे राहिले."

ते म्हणाले, "खरं आहे, पण गुणपत्रिकेत तसा रकाना नाही."

बँकेतल्या माणसाला हे उत्तर लगेच समजतं. ज्या गोष्टीला रकाना नाही, ती गोष्ट जगात नाही.

परतताना भाचा गप्प होता. वडापाव खाताना म्हणाला, "मामा, पुढच्या वर्षी मीपण ढोलच करणार."

आता वाचकहो, यात वाईट वाटण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पोरगं शहाणं झालं. पण मला वाईट वाटलं, आणि त्याला एक कारण आहे.

पंधरा वर्षांपूर्वी आमच्या बँकेच्या आंतरशाखा एकांकिका स्पर्धेत मी एक विनोदी एकांकिका लिहिली होती. वारस म्हणून कुणाचं नाव लावायचं, यावर काउंटरसमोर एका कुटुंबाचं भांडण जुंपतं, असा विषय. लोक इतके हसले, की दोन वाक्यं ऐकूच गेली नाहीत. आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षक म्हणाले, "हसवलंत छान, पण आशय?" पहिला क्रमांक ज्या शाखेला मिळाला तिच्या एकांकिकेत शेवटी आई वारली होती. पुढच्या वर्षी सगळ्या शाखांनी योग्य तो बोध घेतला. नऊपैकी सात एकांकिकांत आई वारली. आठवीत वारली नाही, पण पडदा पडेपर्यंत खोकत होती. आमच्या आईचा तिसरा क्रमांक आला. तिसऱ्या वर्षी सभागृहात फक्त पुढचा नंबर असलेले कलाकार उरले आणि चौथ्या वर्षी स्पर्धाच बंद झाली. मी त्यानंतर एकांकिका लिहिली नाही. लेख लिहितो, कारण लेखाला परीक्षक नसतात. वाचक असतात, पण ते घरी भेटायला येत नाहीत.

तेव्हा भाच्याचा ढोल मला असा सहजासहजी पचेना. त्या रात्रीपासून मोबाईलवर मी या मारामाऱ्यांचा इतिहास धुंडाळू लागलो. (सौ.ला वाटलं मी शेअर बाजारात पडलो. खुलासा केल्यावर ती म्हणाली, "अहो, त्यापेक्षा शेअर परवडले.")

इतिहास असा, की या खेळाचा जन्मच मुळी घरकामातून झाला आहे. कॅलिफोर्नियात मार्क थॉर्प नावाचे एक गृहस्थ होते. चित्रपटांना लागणाऱ्या नकला आणि खेळणी बनवणं हा त्यांचा व्यवसाय. १९९२ च्या सुमारास ते घर झाडायचा व्हॅक्यूम क्लीनर रिमोटवर चालवायच्या खटपटीत होते. घर काही स्वच्छ झालं नाही, पण त्यातून त्यांना यंत्रांच्या झुंजीची कल्पना सुचली आणि १९९४ साली सॅन फ्रॅन्सिस्कोत पहिले 'रोबो वॉर्स' झाले. नवरा घरकामाला लागला की त्याचं पर्यवसान मारामारीत होतं, याचा एवढा सज्जड पुरावा दुसरा नसेल.

दुसऱ्याच वर्षी 'ब्लेंडो' आला. पुढे 'मिथबस्टर्स' या कार्यक्रमामुळे गाजलेले जेमी हाइनमन यांनी तो केला होता. वरचं कवच म्हणजे एक मोठी चिनी पद्धतीची कढई, आणि ती फिरवायला गवत कापायच्या यंत्राचं इंजिन. कढई अशी काही फिरली, की समोरच्याचे तुकडे भिंतीवरून पलीकडे उडायला लागले. संयोजक घाबरले. शेवटी 'ब्लेंडो'ला सहविजेता म्हणून जाहीर केलं आणि 'कृपा करून आता लढू नका' असं सांगितलं. आमच्याकडे यालाच पूर्ण लाभांसह स्वेच्छानिवृत्ती म्हणतात.

म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, मग कढई. या घराण्यात आमच्या आईचं लाटणं काही उपरं नव्हतं. पण कढईनं जिंकून एक घोटाळा करून ठेवला. जोरात फिरणारी वस्तू सगळ्यांचा फडशा पाडते, हे लोकांना कळलं.

असं का होतं ते भाच्यानं मला समजावून सांगितलं. फिरणाऱ्या वस्तूतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. वेग दुप्पट केला की तडाखा चौपट. शिवाय लहानशी मोटारही काही सेकंद थोडी थोडी शक्ती चाकात साठवत राहते आणि टक्कर झाली की सगळी एका क्षणात बाहेर पडते. म्हणजे आवर्ती ठेवच. फक्त मुदतीअंती चौपट, आणि तीही दुसऱ्याच्या डोक्यात. असा परतावा मिळत असताना लाटण्यात गुंतवणूक कोण करील? 'बॅटलबॉट्स'वाल्यांना तर शेवटी पात्याच्या टोकाचा वेग ताशी २५० मैलांच्या, म्हणजे सुमारे ४०० किलोमीटरच्या वर नको, असा नियमच करावा लागला.

'बाइट फोर्स' नावाच्या रोबोची गोष्ट यात बोलकी आहे. २०१५ साली तो 'बॅटलबॉट्स' जिंकला तेव्हा त्याचं शस्त्र म्हणजे समोरच्याला पकडून उचलणारा हात होता. २०१८ आणि २०१९ साली पुन्हा जिंकला, तेव्हा त्याच्या पुढे एक उभं फिरणारं पातं होतं. नाव तेच, अवतार दुसरा. त्याच्या कर्त्यांना मी दोष देत नाही. ते उत्तम कारागीर आहेत आणि जिंकायला आले होते. पण तिथल्या गुणपत्रिकेत अलीकडच्या हंगामांत ११ पैकी ५ गुण नुकसानीचे, ३ आक्रमकतेचे आणि ३ नियंत्रणाचे असत. एवढा ठळक रकाना समोर दिसत असताना माणूस दुसरं काय करणार? आमच्या आया काही उगाच नव्हत्या वारल्या.

याउलट इंग्लंडची गोष्ट. १९९८ साली बी.बी.सी.वर 'रोबो वॉर्स' सुरू झालं. तिथल्या परीक्षकांपुढे जुन्या काळी नुकसान, आक्रमकता आणि नियंत्रण यांच्या जोडीला 'शैली' हाही निकष असे. तिथे आयर्लंडहून 'डिओटॉर' नावाचा एक रोबो यायचा. अंगावर लाल केसाळ कातडं, त्यावर काळे ठिपके. आता केसाळ कातडं घालून आगीचे फवारे असलेल्या आखाड्यात उतरणं म्हणजे फटाक्यांच्या दुकानात विडी ओढणं. तो नेमानं पेटायचा, आणि पुढच्या वेळी नवं कातडं घालून हजर. मुख्य विजेतेपद त्याला कधीच मिळालं नाही, पण त्या वर्षांतले विजेते विसरलेली माणसंही पेटणारा 'डिओटॉर' विसरलेली नाहीत.

पुढे मधली बारा वर्षं बंद राहून २०१६ मध्ये हा कार्यक्रम पुन्हा आला, तेव्हा 'शैली'चा रकाना गेलेला होता. २०१८ मध्ये कार्यक्रम पुन्हा बंद झाला. रकाना काढला म्हणून तो बंद पडला, असं मी म्हणणार नाही. दोन रकमा एकाखाली एक दिसल्या म्हणून लगेच बेरीज करायची नसते, एवढं मी काउंटरवर शिकलो आहे. पण रकाना काढला, हे मात्र नोंदून ठेवतो.

आता यावर कुणी शहाणा म्हणेल, द्या की मग कल्पकतेला सवलत, अडलंय कुठे? तर सवलतीचंही एक शास्त्र आहे. अमेरिकेत एकदा चाकांऐवजी पायांवर चालणाऱ्या रोबोंना वजनात भरघोस सूट दिली होती. हेतू उदात्त. पाय करणं अवघड, दिसायला मजेदार, तेव्हा त्यांना उत्तेजन द्यावं. २००१ साली 'सन ऑफ व्हायाची' नावाचा रोबो आला. त्याचे पाय म्हणजे नियमापुरते पाय, जागच्या जागी खुरडत सरकणारे. पायांच्या सवलतीत मिळालेल्या वजनात त्यानं वर एक अवाढव्य फिरतं शस्त्र बसवलं आणि आपल्या गटाचं अजिंक्यपद नेलं. नंतर नियम बदलावा लागला. मला यात नवल वाटलं नाही. महिला उद्योजकांना व्याजात सूट जाहीर झाली, की दुसऱ्या दिवशी गावातले निम्मे कारखाने बायकांच्या नावावर झालेले मी पाहिले आहेत. त्यातल्या काहींना आपण कारखानदार आहोत हे आमच्याकडून कळलं.

म्हणून माझं मत असं, की कल्पकतेला आधीच सूट देऊ नये. आधी तिच्यासाठी जागा करावी आणि जे प्रत्यक्ष दिसेल त्याला गुण द्यावेत. जागा कशी करायची, याचं उदाहरणही अमेरिकेतच आहे. तिथल्या हौशी स्पर्धांत ३० पौंडांचा 'स्पोर्ट्समन' नावाचा एक गट असतो. जोरात फिरणाऱ्या जबर शस्त्रांना त्यात मज्जाव, पण हलणारं काहीतरी शस्त्र मात्र हवंच. नुसती ढकलाढकली चालत नाही. एवढ्या एका नियमासरशी उचलणारे, उलथवणारे, पकडणारे आणि हातोडा हाणणारे, असे सगळे विस्थापित पुन्हा आपापल्या गावी आले. एक दार बंद केलं म्हणून दहा उघडली.

आणि कल्पकता म्हणजे नुसती नऊवारी नेसवणं नव्हे, हेही खरं. 'बॅटलबॉट्स'मध्ये 'ह्यूज' नावाचा रोबो आला. फिरतं पातं त्याच्याकडेही होतं, पण त्याची अक्कल चाकांत होती. माणसाच्या कमरेला लागतील अशी दोन लवचीक प्लॅस्टिकची चाकं आणि त्यांच्या मधोमध उंचावर टांगलेलं धड. समोरच्याचं पातं फिरतंय, पण त्याला लागायला हाती काही येतच नाही. लोक आधी हसले आणि मग त्याच्याशी लढायचं कसं याची गणितं मांडायला लागले. नवी कल्पना आधी विनोदी दिसते. परीक्षक हसून झाल्यावर 'पण आशय?' असं विचारतात, तेव्हा कधी कधी तो आत्ताच समोरून चाकांवर गेलेला असतो.

जपान्यांनी मात्र कमाल केली. २०१४ साली टोकियोत त्यांनी 'हेबोकॉन' नावाची स्पर्धा सुरू केली. 'हेबो' म्हणजे आपल्या भाषेत फुसका. ज्यांना यंत्रातलं काही येत नाही त्यांनीच यायचं. कुणी फार सफाईदार तंत्र वापरलं तर त्याला दंड! आणि सर्वांत मानाचं बक्षीस विजेत्याला नाही, सर्वांत फुसक्या यंत्राला. उत्तेजनार्थ बक्षीस पहिल्या क्रमांकाच्या डोक्यावर बसवणारी ही जगातली एकमेव स्पर्धा असावी. वाचताना माझे डोळे पाणावले. पण मी त्या टोकाला जाणार नाही. भाच्याची 'आजी' फुसकी नव्हती. तिच्यामागे तीन महिन्यांचा विचार होता. तिला दया नको होती, गुण हवे होते.

तेव्हा मी बँकेतल्या पद्धतीनं एक टिपण तयार केलं. एक, गुणपत्रिकेत 'कल्पना आणि रंजन' असा रकाना असावा आणि त्याचे गुण अंतिम बेरजेत धरावेत. दोन, फिरत्या शस्त्रांना बंदी असलेला एक स्वतंत्र गट असावा. तीन, त्या गटाचं बक्षीस ढोलांच्या बक्षिसाइतकंच असावं आणि ते जाहीर करताना माईक चालू असावा. आपल्याकडेही पवईला आय.आय.टी.च्या टेकफेस्टमध्ये रोबोंच्या लढती होतात आणि कॉलेजाकॉलेजांतून पोरं रात्री जागवतात. त्यांच्या डोक्यात केवढी लाटणी असतील! गणपतीच्या देखाव्याला बक्षीस आहे म्हणून देखावे होतात. उद्या फक्त स्पीकरच्या भिंतींना बक्षीस ठेवा, मग बघा. टिपण भाच्याच्या कॉलेजातल्या संयोजकांना पाठवून दिलं.

इकडे आठ दिवस झाले तरी लाटणं परत येईना, तेव्हा आईनं भाच्याला बोलावून घेतलं. दोन तुकडे पिशवीत घेऊन तो हजर झाला. आईनं ते तुकडे जुळवून पाहिले.

"किती टोले दिलेस?"

"एकच, आजी. पण बसला."

"अरे, लाटणं मारायचं नसतं. नुसतं उगारायचं असतं. तेवढ्यानं काम होतं." एवढं म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत होतो. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन आली. "मारायचंच असेल तर हा ने. माझ्या सासूबाईंचा आहे. आजवर मोडला नाही."

भाच्यानं बत्ता हातात घेऊन तोलला. काट्यावर ठेवला. दीड किलो भरला. "आठातून दीड गेले, साडेसहा," असं पुटपुटत त्यानं खिशातून एक कागद काढला. त्यावर ढोलाचं चित्र होतं. तो उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर तो काहीतरी काढू लागला. जेवणाची पानं घेतली तरी उठला नाही.

परवा संयोजकांचं उत्तर आलं. 'आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे' असं पहिलं वाक्य होतं. हे वाक्य मी बावीस वर्षं स्वतः लिहीत आलो आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको. पण पुढे आणखी एक वाक्य होतं. यंदापासून सर्वांत कल्पक रोबोला एक खास बक्षीस द्यायचं ठरलं आहे.

उत्तेजनार्थ.

मी दुसरं पत्र लिहायला घेतलं आहे.